जुन्या प्रोसेसरसाठी नवा बोर्ड? आधी हिशोब करा!

परवा मारेगावच्या माझ्या दुकानात एक पोरगा आला. "दादा, आय५-२५००के आहे, पण एच६१ बोर्डवर ओव्हरक्लॉक होत नाही. झेड७७ टाकू का?"

त्याचं म्हणणं बरोबर आहे. २०११ च्या या प्रोसेसरचा मल्टिप्लायर खुला आहे, पण एच६१ तो वाढवू देत नाही, झेड७७ देतो. पण भाऊला त्यावर चालवायचंय झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्मचं दुकान! सेकंडहँड बोर्ड, वर मोठा कूलर, त्यात आपल्या विदर्भातला मे महिना. फॉर्मच्या शेवटच्या तारखेला मशीन बंद पडली तर गिऱ्हाईक थांबेल का?

माझं मत सरळ आहे: हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाका, उरलेले पैसे नव्या मशीनसाठी ठेवा. बोर्ड कोणताही बदला, विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हा प्रोसेसर येणार नाही.

हौस घरी करा, दुकानात धंदा!