बिनआवाजी रायफल नावाची थाप

चिवड्याचा बकाणा भरून माणूस जे बोलतो ते फारसे मनावर घेऊ नये, असे आमचे वडील म्हणत. परंतु गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आमच्या भाच्याने तोंडात बकाणा असताना जे वाक्य उच्चारले, ते आम्ही मनावर घेतले. आणि वर्ष उलटत आले तरी ते मनातून उतरलेले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

भाचा अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात राहतो. तिकडे नोव्हेंबरच्या अखेरीस नऊ दिवस बंदुकीने हरणे मारण्याचा हंगाम असतो, आणि हा गृहस्थ गेली आठ वर्षे रीतसर परवाना काढून रायफलीने शिकार करीत आला आहे. आम्ही त्याच्या घरी पोहोचलो तेव्हा त्याने नवाकोरा क्रॉसबो आणून ठेवला होता. क्रॉसबो म्हणजे दांड्यावर आडवे बसवलेले धनुष्य. दस्ता बंदुकीचा, चाप बंदुकीचा, वरची दुर्बीणही बंदुकीसारखी; फक्त नळीतून गोळी सुटण्याऐवजी खाचेतून हातभर लांबीचा बाण सुटतो. ताईने काळजीने विचारले, "अरे, हे तुला चालवता येते का?" त्यावर चिरंजीव म्हणाले, "आई, त्यात शिकायचे काय? रायफलच ती, फक्त आवाज नाही!"

आमचे भांडण आहे ते या एका वाक्याशी.

आमचे भांडण शिकारीशी नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाही तर काही वाचक पहिल्याच पानावर आमची पाठ थोपटतील आणि काही आमच्यावर तुटून पडतील. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दिवस संपले, हे उत्तमच झाले. तिकडची गोष्ट निराळी. पांढऱ्या शेपटीची हरणे तिथे उदंड आहेत. शेतात शिरतात, रात्री मोटारींच्या पुढ्यात येतात. किती मारायची आणि केव्हा, हे सरकार ठरवते. भाच्याच्या घरी तर मारलेल्या हरणाचे मांस हिवाळाभर पुरवून खातात. तेव्हा मारण्याचा हक्क कायद्याने दिला असेल तर तो असो. पण त्या हक्काबरोबर एक ऋणही येते: मारायचे तर नीट मारायचे, तडफडत ठेवायचे नाही. 'फक्त आवाज नाही' म्हणणारा नेमके हेच ऋण बुडवतो.

मग रायफलवाला क्रॉसबोकडे वळतो तरी कशाला? लोभाने. बंदुकीचे दिवस नऊ, आणि क्रॉसबोचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या आरंभापर्यंत! पूर्वी विस्कॉन्सिनमध्ये ही सवलत वृद्ध आणि अपंग शिकाऱ्यांपुरती होती. २०१४ साली ती सर्वांना खुली झाली. ज्याचा खांदा निकामी झाला त्याला हे यंत्र म्हणजे वरदान, यात शंका नाही. साधे धनुष्य ओढणारे लोक क्रॉसबोवाल्यांना नाके मुरडतात, त्या सोवळ्याओवळ्यातही आम्हाला पडायचे नाही. आमचा प्रश्न एवढाच: वाढलेल्या दिवसांबरोबर माणसाचे शिकणेही वाढले काय?

आम्ही पडलो मास्तर. फराळाच्या खोक्याच्या झाकणावर तिथल्या तिथे त्रैराशिक मांडले. रायफलीची गोळी सेकंदाला सुमारे २८०० फूट जाते. क्रॉसबोचा बाण चांगला वेगवान धरला तरी ४०० फूट. आणि आवाज जातो ११०० फूट. आता पाहा. गोळी आवाजाच्या अडीचपट वेगाने धावते. हरणाला बार ऐकू येण्यापूर्वीच गोळी लागलेली असते. बाण मात्र आपल्याच आवाजाच्या मागून धावतो. हरीण ४० यार्डांवर असेल, म्हणजे १२० फुटांवर, तर दोरीचा टणत्कार त्याच्या कानी एक दशांश सेकंदात पोहोचतो आणि बाण पोहोचायला लागतात तीन दशांश. मधल्या वेळात सावध हरीण उडी घेण्यासाठी अंग खाली दाबते, वळते, आणि नेमलेली जागा हलते. तेव्हा 'आवाज नाही' हे साफ खोटे. बंदुकीचा मोठा आवाज मागून येतो. क्रॉसबोचा लहान आवाज पुढे पोहोचतो. दशरथाने आवाजाच्या रोखाने बाण सोडला आणि श्रावणबाळ गेला; इथे आवाज बाणाच्या आधीच सावजापाशी जाऊन त्याला जागे करतो.

दुकानदार म्हणतील, नवे यंत्र घ्या, ५०० फुटांचे! घ्या खुशाल. आवाज तरीही दुपटीहून अधिक वेगाने पुढे जाणार.

दुसरे त्रैराशिक पडण्याचे. शंभर यार्ड जाताना गोळी दोन-अडीच इंच खाली येते. शिकाऱ्याने अंतर थोडे चुकवले तरी निभावते. क्रॉसबोचा बाण ४० यार्डांवर सुमारे दीड फूट खाली येतो आणि ५० यार्डांवर सव्वादोन फूट. म्हणजे दहा यार्डांचा अंदाज चुकला की जवळजवळ दहा इंचांचा फरक पडला! हरणाची काळीज-फुप्फुसांची जागा साधारण तेवढीच असते. बंदुकीच्या भरवशावर ज्याचे डोळे तयार झाले, त्याचा नजरअंदाज इथे कुचकामाचा. अंतर मोजूनच चाप ओढला पाहिजे.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. गोळी आघाताने मारते. हाड मोडते, आत धक्का बसतो. बाणाचे पाते वस्तऱ्यासारखे कापते, आणि हरीण मरते ते रक्त जाऊन. म्हणून खांद्याच्या हाडावर नव्हे, खांद्यामागे बरगड्यांत, तेही हरीण आडवे उभे असताना नेम धरायचा. समोरून आले तर सोडून द्यायचे. आणि बाण लागल्यावर लगेच धावायचे नाही. बाण उचलून वाचायचा. फेसाळ, गुलाबी रक्त असेल तर फुप्फुसे. अर्धा तास थांबा. हिरवट घाण आणि दर्प असेल तर पोट. मग कित्येक तास थांबा.

हे सारे आम्ही झाकणावर लिहून भाच्यापुढे सरकवले. त्याने हसून त्यावर करंजी ठेवली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तो एकटाच परत आला, तोंड उतरलेले. हरीण ४० यार्डांवर वाटले. दुसऱ्या दिवशी मोजले तर ५० भरले. दोरी वाजताच ते दचकून वळले आणि बाण खाली, मागे लागला. बाणावर हिरवट डाग होता. तो याने पाहिला, पण आठ वर्षांची रायफलीची सवय! हा तसाच मागे धावला. जखमी हरीण उठले, पळाले, पुन्हा बसले, पुन्हा पळाले. रात्री बॅटऱ्या घेऊन आम्ही दोघे आणि शेजारचे एक म्हातारे शिकारी एक वाजेपर्यंत पालापाचोळ्यात रक्ताचे थेंब शोधीत होतो. ओढ्यापाशी थेंब संपले. दुसऱ्या दिवशीही काही सापडले नाही. म्हातारबुवा एवढेच म्हणाले, "सकाळपर्यंत थांबला असतास तर ते जवळच बसलेले सापडले असते." ताईने त्या रात्री पानावर बसून काही खाल्ले नाही, आणि कोणाला बोललीही नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

वाचकहो, ही चूक नेमबाजीची नव्हे. भाच्याचा नेम उत्तम आहे. चूक आहे ती 'मला येते' या समजुतीची. नवशिक्या माणसाला निदान भीती असते. जाणत्याला तीही नसते. म्हणून आमचे म्हणणे असे की रायफलवाल्याने क्रॉसबो घेताना आठ वर्षांचा अनुभव दाराबाहेर चपलांशेजारी ठेवावा आणि पहिलीत बसावे. बाण लावल्याखेरीज चाप ओढू नये, कारण रिकामी दोरी सुटली तर धनुष्याचे पंखच फुटतात. अंगठा दोरीच्या वाटेत वर येऊ देऊ नये, नाही तर अंगठा जातो. एकलव्याने तो गुरुदक्षिणेत तरी दिला! दोन्ही पंखांना पसरायला जागा आहे, फांदी आड येत नाही, हे पाहावे. मचाणावर बाण लावून चढू नये. यंत्र दोरीने मागाहून वर ओढावे. दुसरा बाण लगेच भरता येत नाही, तेव्हा पहिलाच शेवटचा समजावा. आणि जितक्या अंतरावर दहाच्या दहा बाण वीतभर वर्तुळात बसतात, तितकेच आपले अंतर. त्यापुढचे हरीण आपले नव्हे.

याला कोणी म्हणेल, "एवढे सोपस्कार करायचे तर शिकारीची मौज ती काय उरली?" ज्याला हे सोपस्कार वाटतात त्याने नऊ दिवसांची रायफल सुखाने चालवावी. उरलेले महिने त्याचे नाहीत.

भाच्याने तो हंगाम तिथेच थांबवला. हिवाळा सरल्यावर मागच्या अंगणात पेंढ्याचा गठ्ठा मांडून २० यार्डांपासून सुरुवात केली. म्हातारबुवा खुर्ची टाकून शेजारी बसत. या सप्टेंबरच्या अखेरीस त्याचा फोन आला. सात संध्याकाळी झाडावर बसून रिकाम्या हाताने परतला होता. सातव्या दिवशी मोठ्या शिंगांचा नर समोर येऊन पुष्कळ वेळ उभा राहिला होता.

"मग?" आम्ही विचारले.

"मोजले, मामा. ४६ यार्ड भरले. माझे अंतर ३० चे." थोडा वेळ थांबून म्हणाला, "सोडला."

एवढ्या वर्षांत त्याने मारलेल्या हरणांच्या हकिकती आम्ही ऐकल्या, आणि शिष्टाचार म्हणून 'वा' म्हटले. या न मारलेल्या हरणाला मात्र मनापासून शाबासकी दिली, आणि यंदा चिवड्याचा डबा जरा मोठा पाठवला.