सहा किलोमीटरचा चौकोन आणि द्राक्षाचे पान

मे 2025 मध्ये दिल्लीत ‘भारत पूर्वानुमान प्रणाली’ सुरू झाली आणि हवामान-प्रारूपाची जाळी 12 किलोमीटरवरून 6 किलोमीटरवर आली. यश निर्विवाद आहे. परंतु नाशिकच्या बागायतदाराला, द्राक्ष वाइनचे असो वा खाण्याचे, वेगळीच चिंता असते. फळछाटणीनंतर वेल फुलोऱ्यात असताना अवकाळी पाऊस आला, तर तो किती मिलिमीटर पडला यापेक्षा पान किती तास ओले राहिले, यावर केवडा रोग ठरतो. त्याचे बीजाणू पाण्याच्या पातळ थरातून पोहतच पर्णरंध्रे गाठतात. वारा सुटला तर बाग वाचते. धुके दाटले तर फवारणीसाठी धावाधाव. बाष्पीभवनाचे हे गणित आम्हा भौतिकशास्त्रज्ञांना नवे नाही. मग अंदाजात ओलाव्याचे तासही द्यावेत. पडताळणीसाठी संवेदक मात्र बागेत, पानांच्याच उंचीवर हवेत. वेधशाळेच्या मोकळ्या अंगणात नव्हे.