पोरीला भगत नको, डॉक्टर हवा!

रात्री अकरा वाजता आमच्या दाराची कडी वाजली. वस्तीतला एक बाप उभा होता. सोळा वर्षांची मुलगी, दहावीत शिकणारी. दोन महिन्यांपासून नीट जेवत नव्हती, झोपत नव्हती. त्या संध्याकाळी "मला जगायचेच नाही" म्हणून रडत बसली. सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "पोलिस केस होईल, आधी ठाण्यात जा." नातेवाईक म्हणाले, "बाहेरची बाधा आहे, भगताला दाखवा." आणि बाप आला वकिलाकडे!

पोरीचा जीव टांगणीला लागलेला असताना बापाला वकील का शोधावा लागतो, हा आमचा सवाल आहे.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ साली झाला, मे २०१८ पासून लागू आहे. कलम १८ ने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला. दारिद्र्यरेषेखालील माणसाला, कार्ड असो वा नसो, सरकारी रुग्णालयात हा उपचार मोफत आहे. कलम ९४ सांगते की, जिवाला धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचा उपचार ७२ तासांपर्यंत करू शकतो. कलम ११५ म्हणते, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरा, त्याला शिक्षा करू नका. या मुलीने तर तसा प्रयत्नही केला नव्हता. मग पोलिसांचा धाक कशासाठी?

अल्पवयीन मुलाला मानसोपचारासाठी दाखल करायचे तर कलम ८७ आहे. त्याला प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवावे लागते, पालक किंवा त्यांनी नेमलेला माणूस सोबत राहतो आणि ७२ तासांत मंडळाला कळवावे लागते. म्हणजे लेकराला कोंडून ठेवतील ही भीती बाळगू नका.

आम्ही कायद्याचे पुस्तक घेऊन बापासोबत परत गेलो. डॉक्टरांनी कलम वाचले आणि उपचार सुरू झाले. आई रात्रभर उशाशी बसली. सकाळी मनोविकारतज्ज्ञांनी तपासले. पण ज्याच्या शेजारी वकील राहत नाही, त्याने काय करावे?

राज्याची जुनी चार मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्यात त्यांतले एकही नाही. म्हणून जिल्हा रुग्णालयातच किशोरवयीन मुलांसाठी मानसोपचाराचा ठरलेला दिवस हवा. कलम ९४ आणि ११५ मराठीत लिहून प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या दारावर लावले पाहिजे. हे सरकारचे काम झाले.

आपले काम? अंगारे-धुपारे आम्ही सोडले, असे आम्ही छातीठोकपणे सांगतो. पण घरात मुलाचे मन ढासळले की कुजबुज सुरू होते, "बोभाटा झाला तर लग्न कसे जमेल?" ही लाज भगतापेक्षा कमी घातक नाही. मूल मरणाची भाषा बोलले तर त्याला नाटक म्हणू नका. त्याला एकटे सोडू नका, धोक्याच्या वस्तू दूर ठेवा, दवाखाना गाठा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली टेलिमानसची १४४१६ ही मोफत सेवा रात्रंदिवस मराठीतूनही बोलते. हा नंबर प्रत्येक विहाराच्या फळ्यावर लिहा.

ती मुलगी आज गोळ्या घेते, शाळेत जाते. शेजारणी अजून कुजबुजतात. कुजबुजू द्या. पोरगी जिवंत आहे!