आमच्यासाठी वेगळं कार्ड नको

आढावा बैठकीत पडद्यावर डॅशबोर्ड लावला होता. शाळेचं नाव आणि शेजारी हजेरीचं कार्ड: मोठा आकडा, त्याखाली बाण, मागे रंग. आमच्या उर्दू शाळेपुढे ० टक्के, लाल रंग आणि खाली जाणारा बाण. त्या दिवशी मुख्याध्यापकांच्या अधिकारातली सुट्टी होती. वर्ग भरलेच नव्हते, तर हजेरी कुणाची लावणार? हे मी उभं राहून सांगितलं. साहेब म्हणाले, "ते सिस्टीमला सांगा." मागे कुणीतरी हसलं.

सिस्टीमशी बोलायचं कसं ते मला ठाऊक नाही, म्हणून रात्री भाच्याला फोन लावला. तो पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत धंद्याच्या डॅशबोर्डांसाठी कंपोनंट बनवतो. कंपोनंट म्हणजे साचा म्हणा. आकडा, बाण आणि रंग असलेलं कार्ड एकदा बनवून ठेवायचं. मग कुणी त्यात विक्री घालतो, कुणी गोदामातला साठा, कुणी थकबाकी. आमच्या बैठकीतलं कार्ड त्याच्या कंपनीचं नव्हतं, पण जात तीच. तो म्हणाला, "मामू, कार्ड न्यूट्रल असतं. आत काय घालायचं ते वापरणाऱ्याने बघायचं."

माझा वाद याच वाक्याशी आहे.

माहिती आली नाही, तर कार्डाने काय दाखवायचं? हा निर्णय साचा बनवणाऱ्याने घेतलेला असतो, शाळेने नाही. कोऱ्या जागेला शून्य मानणं त्याला सोपं गेलं, म्हणून त्याने शून्य मानलं. पाचवीच्या पोरालाही आपण शिकवतो की गैरहजर म्हणजे शून्य गुण नव्हे. निकालपत्रकात त्याच्यापुढे वेगळी खूण करतो. दुकान बंद असताना विक्री शून्य लिहिली तर निदान हिशेब तरी जुळतो. सुट्टीच्या दिवशी हजेरी शून्य लिहिली की मास्तरला खुलासा लिहावा लागतो.

बाणाचंही तेच. विक्रीसाठी बनलेल्या कार्डात आकडा चढला की हिरवा, उतरला की लाल. त्याच कार्डात उद्या शाळागळतीचा आकडा घाला. गळती वाढली की कार्ड हिरवंगार! मी हे म्हटल्यावर भाचा हसला आणि म्हणाला, त्यासाठी एक सेटिंग असतं. पण ते कुणी भरलं नाही तर 'चढता चांगला' असं आपोआप धरलं जातं. म्हणजे धोरण तिथे ठरलं, ज्या ओळीला कुणी हात लावत नाही तिथे. माझं म्हणणं साधं आहे: चढता चांगला की उतरता चांगला, हे सांगितल्याशिवाय कार्ड चालूच होऊ नये. आणि बरं-वाईट निव्वळ लाल-हिरव्यावर सोडू नये. हे दोन रंग वेगळे न दिसणारे पुरुष काही कमी नाहीत. त्यातला एखादा आढावा घेणाऱ्या खुर्चीतही बसलेला असेल.

पटसंख्येचा मुद्दा शिक्षकांना समजावायची गरज नाही. ८ मुलांच्या वर्गात एक मूल तापाने घरी राहिलं की हजेरी ८७.५ टक्के. ८० मुलांच्या वर्गात तेवढ्यासाठी १० मुलं गैरहजर असावी लागतात. लाल रंगाची रेघ ९० वर ओढली असेल तर दोन्ही वर्ग लाल. टक्केवारीखाली बारीक अक्षरात '८ पैकी ७' एवढं छापायला किती जागा लागते?

आता भाषेकडे येतो. उर्दू उजवीकडून लिहितात हे सगळ्यांना माहीत आहे. नस्तालीक लिपीत शब्द उतरता बसतो हे मात्र पडद्यावाल्यांना माहीत नसतं. उजवीकडे वर सुरू झालेला शब्द डावीकडे खाली येऊन टेकतो, त्यामुळे ओळीला उंची जास्त लागते. इंग्रजी मापाने उंची पक्की केलेल्या चौकटीत खालचे नुक्ते कापले जातात आणि 'बे' कुठला, 'पे' कुठला ते कळत नाही. मराठीचेही उकार असेच खालून छाटले जातात, तेव्हा हे केवळ आमचं रडगाणं समजू नका. आकड्यांचंही तसंच: दीड लाखाचं '१५० के' होतं आणि आपण मनातल्या मनात गुणाकार करत बसतो.

उपाय अवघड नाहीत. चौकटीची उंची मजकुरावर सोडायची. मांडणी करताना 'डावी बाजू' लिहिण्याऐवजी 'सुरुवातीची बाजू' लिहायचं; ब्राउझरला ही भाषा समजते आणि मजकुराची दिशा उजवीकडून आहे असं सांगितलं की तो सुरुवात उजवीकडे धरतो. आकडा अंकातच उजवीकडे-डावीकडे उलटत नाही, हेही त्याला ठाऊक असतं. भाच्याला हे सगळं माहीत होतं! तो म्हणाला, "पण मामू, उर्दू ही एज केस आहे. हवं तर उर्दूसाठी वेगळं कार्ड करून देऊ."

एज केस म्हणजे काठावरचं, क्वचितचं प्रकरण. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे ७५ लाख लोकांनी उर्दू ही मातृभाषा सांगितली. एवढा मोठा काठ कुठल्या नदीला असतो?

आणि वेगळं कार्ड तर नकोच. वेगळ्याचं काय होतं ते मी नोकरीभर पाहिलंय. मराठी पुस्तकं जूनमध्ये येतात, उर्दूचे गठ्ठे मागाहून. परिपत्रक आधी निघतं, त्याचा उर्दू तर्जुमा आम्हीच करून घेतो. वेगळ्या कार्डाचंही असंच होईल: मूळ कार्डातली चूक दुरुस्त होईल, आमचं कार्ड जुनंच राहील, आणि दोन वर्षांनी ते कुणी बनवलं होतं हेही कुणाला आठवणार नाही. एकच साचा सगळीकडे वापरण्याची खरी बरकत हीच आहे की एका जागी केलेली दुरुस्ती सगळ्यांपर्यंत पोचते. आम्हाला त्या बरकतीतून बाहेर ठेवू नका.

भाच्याची अडचण मी नाकारत नाही. प्रत्येकाची मागणी आत घेत गेलो तर एका कार्डाला चाळीस बटणं होतील आणि ते कुणालाच सांभाळता येणार नाही, असं तो म्हणतो. खरं आहे. मी चाळीस मागत नाही. कोरी जागा कोरी दाखवा, चढ-उतार विचारून घ्या, कितीपैकी किती ते लिहा आणि अक्षर कापू नका. बाकी सजावट तुमची तुम्ही बघा.

गेल्या जुम्याला त्याने फोटो पाठवला. नव्या कार्डात माहिती नसली की राखाडी रंगात 'नोंद आलेली नाही' असं येतं, बाण गायब. मी खूश झालो. मग त्याला आमच्या शाळेचं नाव उर्दूत घालून बघायला सांगितलं. खालचे नुक्ते अजून कापले जातायत. ते पुढच्या रिलीजमध्ये, म्हणे.