पळायला कारण कशाला?

पाडवा झाला. आमची गुढी यंदाही खिडकीच्या आतच उभी राहिली, कारण बाहेर अंगणात बर्फाचा मळकट ढीग अजून तसाच होता. कॅलेंडरात चैत्र, वसंत ऋतू, आणि इथे बॉस्टनमध्ये मी कानटोपी घालून कडुनिंबाच्या पावडरीची गोळी खातेय! (ताजा पाला कुठला मिळायला.)

पण खरं सांगते, इथला वसंत असाच येतो. फुलं-बिलं नंतर. आधी येतो चिखल. मग चार्ल्स नदीकाठच्या विलोंच्या फांद्या पिवळट दिसायला लागतात, नदीत कॉलेजच्या मुलांच्या लांबट होड्या उतरतात, आणि एखाद्या शनिवारी सकाळी हातमोजे न घालता बाहेर पडता येतं. ह्या शनिवारी पडता आलं. मग काय, पळाले. नेहमीचे तीन मैल ठरवून निघाले होते, पाच कधी झाले कळलं नाही. गुरुवारी नाचले होते, रविवारी डोंगरावर गेले. सोमवारी ऑफिसात जिना उतरताना 'आई गं' म्हणत होते, पण मजा आली.

हे सगळं उत्साहाने फोनवर काकूला सांगितलं. काकूने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग, किती किलो उतरले?"

काकू, रागावू नकोस, पण आजचं हे लिखाण त्या प्रश्नामुळे आहे.

प्रश्न काकूचा एकटीचा नाही. मीही असाच हिशोब ठेवत होते. तीन वर्षांपूर्वी रक्ताचा रिपोर्ट आला, एचबीए१सी ६.१. म्हणजे मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज अर्धा तास चाला. मी आज्ञाधारक मुलगी! तळघरातल्या ट्रेडमिलवर, भिंतीकडे तोंड करून, आकड्यांकडे बघत अर्धा तास चालायचे. एकतिसावं मिनिट कधी चालले नाही. औषधाचा डोस कोणी जास्त घेतं का?

गंमत म्हणजे मी आता जिथे पळते, त्या नदीकाठच्या रस्त्याला नाव आहे ते एका हृदयरोगतज्ज्ञाचं, डॉ. पॉल डडली व्हाइट. १९५५ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांच्यावर उपचार करणारे हेच. लोकांनी चालावं, सायकली चालवाव्यात म्हणून त्यांनी आयुष्यभर घसा कोरडा केला. म्हणजे रस्ता औषधाचाच. पण त्यावर पळणाऱ्यांचे चेहरे बघितले तर औषध घेतल्यासारखे अजिबात दिसत नाहीत!

आता नाचाचं सांगते. इथे न्यू इंग्लंडमध्ये 'काँट्रा डान्स' नावाचा जुना प्रकार आहे. एखाद्या साध्या हॉलमध्ये दोन लांब ओळी करून समोरासमोर उभं राहायचं, व्हायोलिन-पियानोवाले समोर बसून वाजवतात, आणि एक जण माइकवरून पुढची हालचाल सांगत जातो. येत नसलं तरी चालतं, आधी अर्धा तास शिकवतात. त्यात 'स्विंग' म्हणून एक भाग असतो. दोघांनी एकमेकांना धरून जागच्या जागी गरगर फिरायचं. मला ते वर्षभर काही जमेना. एक तर चक्कर यायची, नाही तर पाय अडकायचे.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये आई आली होती. सत्तरीची, गुडघे कुरकुरणारे. तिला घेऊन गेले, म्हटलं खुर्चीत बसून बघेल. पंधरा मिनिटं बसली. मग स्विंग बघून म्हणाली, "अगं, फुगडीच की ही!" आणि पदर खोचून उभीच राहिली. माझे हात धरले आणि दटावलं, "भार मागे टाक! नुसती काय उभी आहेस? आणि पायांकडे बघू नकोस, माझ्या डोळ्यांत बघ."

मी भार मागे टाकला, तिने टाकला, आणि आम्ही फिरलो. वर्षभर जे जमत नव्हतं ते आईने अर्ध्या मिनिटात शिकवलं. दोघींपैकी एकीने जरी धाकधूक करून भार स्वतःकडे ठेवला तर फुगडी लागत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

परत येताना गाडीत विचारलं, "शेवटची फुगडी कधी घातली होतीस?" ती म्हणाली, "धाकट्या मावशीच्या मंगळागौरीला. सत्तावीस वर्षांची होते. मग कुणी बोलावलंच नाही." थोडं थांबून म्हणाली, "तिकडे कुणाला सांगू नकोस हं."

(आईला विचारूनच लिहितेय. तिची अट एवढीच की पदर नीट खोचला होता हे लिहायचं. लिहिलं!)

ते 'कुणी बोलावलंच नाही' माझ्या डोक्यातून वर्षभर गेलं नाही. त्रेचाळीस वर्षं! अंगात एवढी फुगडी असलेली बाई त्रेचाळीस वर्षं बोलावण्याची वाट बघत होती.

विचार केला तर लक्षात येतं, आपल्या बायकांना रात्रभर झिम्मा, पिंगा, फुगडी खेळायला एक व्रत लागायचं. नवीन लग्न झालेली मुलगी, श्रावणातला मंगळवार, समोर गौर मांडलेली, तेव्हा कुठे घामाघूम होईपर्यंत नाचायची मुभा. व्रताला मी नावं ठेवत नाही, उलट त्या आज्यांनी काय हुशारीने वाट काढली असं वाटतं. पण आम्ही शिकल्या-सवरलेल्या मुली काय करतो? व्रताच्या जागी रिपोर्ट आणला. 'डॉक्टरांनी सांगितलंय' म्हटलं की सासर-माहेर, ऑफिस, सगळे गप्प. परवानगीची चिठ्ठी तीच, फक्त सही बदलली.

आमच्या ह्या गावाचीच एक गोष्ट. १९६६ साली बॉबी गिब नावाच्या तेवीस वर्षांच्या मुलीने बॉस्टन मॅरेथॉनसाठी अर्ज केला. उत्तर आलं की बायकांना शरीरानेच एवढं अंतर झेपत नाही. ती गेली हॉपकिंटनला, भावाची अर्धी चड्डी आणि टोपीवाला स्वेटशर्ट घालून सुरुवातीच्या रेषेजवळच्या झुडपांत लपली, आणि शर्यत सुटल्यावर हळूच पुरुषांच्या घोळक्यात शिरली. ४२ किलोमीटर सुमारे तीन तास एकवीस मिनिटांत पळाली. ना नंबर, ना बिल्ला. तिला पळायला आवडायचं, बस्स. बायकांना अधिकृत प्रवेश मिळाला तो १९७२ साली. तिने चिठ्ठीची वाट बघितली असती तर सहा वर्षं झुडपातच बसावं लागलं असतं!

रविवारी ब्लू हिल्सला गेले. सगळ्यात उंच टेकडी ६३५ फूट, सिंहगड चढणाऱ्यांनी हसून घ्यावं. वाटेत दलदलीत स्कंक कॅबेज उगवलेलं दिसलं. हे एक घाणेरड्या वासाचं, जांभळट फूल. पण ते स्वतःची उष्णता स्वतः तयार करतं आणि भोवतीचा बर्फ वितळवून वर येतं. उन्हाने बोलावायची वाट बघत नाही. आणि ह्या दिवसांत वाटेवरचा चिखल टाळून कडेने जायचं नसतं, मधूनच जायचं, नाही तर वाट रुंदावते आणि कडेची रोपं तुडवली जातात. चाळिशी उलटल्यावर घोट्यापर्यंत चिखलात जाणं आणि तेही नियम पाळून! अजून काय पाहिजे?

आता कोणी म्हणेल, बाई, तुझी शुगर उतरली ना, मग कृतघ्न कशाला होतेस? मान्य. रिपोर्ट नसता तर मी दाराबाहेर पडले नसते. पण रिपोर्टने मला ट्रेडमिलपर्यंतच आणलं. पुढचे दोन मैल मजेने नेलं. आणि उद्या गुडघ्याने दगा दिला, वजन एक किलोही उतरलं नाही, तरी मी हळूहळू का होईना, जाणार आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. कोणी पळून, नाचून, डोंगर चढून आलं तर 'किती उतरले' असं विचारू नका. 'मजा आली का?' विचारा. आणि घरात कोणी सत्तरीची बाई खुर्चीत बसून बघत असेल, तर तिला बोलावा. जमेल तेवढंच फिरवा, पण बोलावा.

आई मेमध्ये परत येतेय. काल फोनवर म्हणाली, "औषधं भरून झाली. ते फुगडीचं दर गुरुवारीच असतं ना गं?"