खुनाच्या गोष्टीत हसू कसले?

खुनासारख्या भीषण विषयावरील कादंबरी वाचताना हसू यावे, हे सुसंस्कृत मनाला शोभते काय? एडमंड क्रिस्पिन या इंग्रज लेखकाची ‘लव्ह लाइज ब्लीडिंग’ ही १९४८ सालची रहस्यकथा वाचताना हा प्रश्न आमच्या मनात आला, आणि त्याचे उत्तरही त्याच पुस्तकात सापडले.

क्रिस्पिन हे टोपणनाव. लेखकाचे खरे नाव रॉबर्ट ब्रूस माँटगोमेरी (१९२१–१९७८). ऑक्सफर्डमध्ये शिक्षण, काही काळ शाळेत मास्तरकी आणि पुढे चित्रपटांचे संगीत, असा त्याचा प्रवास. त्याचा सत्यशोधक जर्व्हेस फेन हा ऑक्सफर्डमधील इंग्रजी वाङ्मयाचा प्राध्यापक. विद्वान, पण लहरी. बुद्धी तल्लख, पण जिभेला लगाम नाही.

हा फेन एका शाळेच्या पारितोषिक समारंभास प्रमुख पाहुणा म्हणून येतो. समारंभाच्या आदल्या संध्याकाळी मुख्याध्यापकाची अवस्था काय असते, हे आम्ही कोणास सांगावे! त्यातच या बिचाऱ्याच्या दोन शिक्षकांचे खून होतात. त्यांतील एकाला तर मुलांचे प्रगती-अहवाल लिहिण्याच्या कामातच मरण गाठते. शेजारच्या मुलींच्या शाळेतील एक विद्यार्थिनी बेपत्ता होते आणि गावातील एका म्हातारीचाही बळी जातो. या साऱ्या धुमाकुळात मिस्टर मेरीथॉट नावाचा एक जराजर्जर, विक्षिप्त शिकारी कुत्रा आपला हिस्सा उचलतो, तो वेगळाच!

या साऱ्यामागे आहे शेक्सपिअरच्या ‘लव्ह्‌ज लेबर्स वन’ या हरवलेल्या नाटकाचे हस्तलिखित. ही निव्वळ कल्पना नव्हे. फ्रान्सिस मिअर्स याने १५९८ साली शेक्सपिअरच्या नाटकांची यादी दिली, तीत हे नाव आहे. कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर पाच वर्षांनी, १९५३ साली, १६०३ च्या सुमाराची एका पुस्तकविक्रेत्याची यादी उजेडात आली. तीतही तेच नाव आढळले. नाटक मात्र आजतागायत मिळालेले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ही कादंबरी ज्या वाचकांसाठी लिहिली गेली, ते नुकतेच महायुद्धातून बाहेर पडले होते. युद्धकाळात ज्या पावाला रेशन नव्हते, त्याला १९४६ च्या जुलैत रेशन लागले आणि १९४८ च्या जुलैपर्यंत ते टिकले. मांसाचे रेशन तर १९५४ साली उठले. या लोकांनी मरण पाहिले होते, पण आकड्यांत: आज इतके शेकडा, उद्या इतके हजार. त्यांच्या हाती अशी कथा आली की, जिच्यात एका सामान्य शिक्षकाच्या, एका अनोळखी म्हातारीच्या मृत्यूसाठी सारे शहाणे लोक झोप उडवून घेतात. ‘हा माणूस का मेला?’ या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत कथा संपतच नाही. या आग्रहात माणसाच्या जिवाचे मोल आहे.

आणि हसू? ते मृताला कोणी हसत नाही. हसू येते ते जिवंतांच्या तऱ्हेवाईकपणाचे, मोठेपणाच्या सोंगांचे, विद्वत्तेच्या फुशारकीचे. ज्या कवीने माणसाचे अंतःकरण उलगडून दाखविले, त्याच्याच हस्तलिखिताच्या लोभाने माणसे मारली जावीत, हा उपरोध मात्र हसता हसता जिव्हारी लागतो.

आपल्याकडे बाबूराव अर्णाळकरांच्या झुंजारने वाचकांची झोप उडविली, तर बडोद्यास अध्यापन केलेल्या चिं. वि. जोशींच्या चिमणरावाने घराघरांत हशा पिकविला. हे दोघे एका पंगतीस बसले तर कशी बहार येईल, याची कल्पना ज्यांना करावयाची आहे, त्यांनी हे पुस्तक मिळवून अवश्य वाचावे. खुनी कोण, हे आम्ही सांगणार नाही. आणि घरात वाचणारे चौघे असतील, तर ज्याचे वाचून झाले असेल त्याने कृपा करून जेवणाच्या ताटावर मौन पाळावे!