लकवा, ग्रह आणि निर्मिकाची कृपा

धाडच्या पंचक्रोशीत एखाद्या कुणब्याच्या किंवा सुताराच्या अंगावरून वारे गेले, की दारी पहिला हजर होतो तो पंचांगवाला. डॉक्टर मागाहून, पुष्कळदा फारच मागाहून. साडेसाती आहे, मागल्या जन्मीचे पाप फळास आले, त्र्यंबकेश्वरी जाऊन नारायण नागबळी करा, असा हुकूम सुटतो. सोयाबीन-कपाशीचे घरात आलेले चार पैसे त्या वाटेने जातात. आम्ही विचारतो, देवाला दुबळ्यास हात द्यावयाचा तर तो दलालामार्फत आणि दक्षिणा मोजून घेऊन का द्यावा?

याचे उत्तर पुण्यास एका आजारी माणसाने लिहून ठेविले आहे. १८८८ च्या मे महिन्यात मुंबईच्या सभेत लोकांनी जोतीराव फुल्यांस 'महात्मा' म्हटले. पुढे दोन महिन्यांतच, जुलैत, त्यांस लकवा झाला. उजवे अंग लुळे पडले. ज्या हाताने 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तोच हात गेला. वय एकसष्ट, घरात पैशाची ओढाताण. पंचांगवाल्यास याहून सोन्याची संधी ती कोणती! धर्म बुडविला म्हणून देवाने हात तोडला, असे सांगावयास तो मोकळा.

जोतीरावांनी लेखणी डाव्या हाती धरली. आम्ही पोरांना अक्षरे गिरवावयास लावणारी माणसे. सवयीचा नसलेल्या हाताने एक 'क' काढताना काय घाम फुटतो तो आम्हांस ठाऊक. येथे तर सबंध ग्रंथ लिहावयाचा होता. तो त्यांनी पुरा केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते वारले, आणि १८९१ साली 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' छापून निघाले. पूजा, अनुष्ठान, दैव, आकाशातील ग्रह, सर्वांची त्यात प्रश्नोत्तरांनी झाडाझडती आहे. निर्मिकाने सर्व स्त्रीपुरुषांस सारखे हक्क दिले, त्याच्यापाशी जावयास मध्यस्थ नको, हे ज्याचे अर्धे अंग मेले होते त्याने लिहिले. कृपा म्हणतात ती हीच, असे आमचे मत. हात बरा झाला नाही, दुसरा कामास लागला.

आता दुसरे शहाणे. ते म्हणतात, देव आवडत्यालाच दुःख देतो, तेव्हा गुमान सोसा. हा उपदेश बहुधा व्याज घेणाराच करतो, देणारा नाही! १६३० च्या दुष्काळात तुकोबांचा धंदा बुडाला, पहिली बायको व मूल गेले. ते काय गुमान बसले? परंपरा सांगते की त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली. बुडालेल्या वाण्याने दुसऱ्यांस सोडविले!

म्हणून बांधवांनो, बायांनो, घरातल्या माणसाचे तोंड वाकडे झाले, हात खाली पडला, बोबडी वळली, तर पंचांग उघडू नका, गाडी जुंपा. आज मोटार आहे, १०८ चा फोन आहे, बुलढाण्यास जिल्हा रुग्णालय आहे. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध आहे, पण ते साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. नागबळीचा मुहूर्त त्याहून लांबचा निघतो.

जोतीरावांचे पुस्तक आमच्यापाशी आहे. वाचता येत नसेल त्याने बुधवारी दिवेलागणीस शाळेच्या ओट्यावर यावे. लकव्याने खाटेवर पडलेला असेल तर निरोप धाडावा, आम्ही घरी येऊन वाचू.